कपाटामागचं माणूस घरात नसतं

ए लंबू, थांब. परत म्हण काय म्हणालास ते. समोरच्या प्लॉटवर बांबू लागलेत, बघवत नाहीत, आणि तुझी आई सुनावणीला जाऊन हरकत घेणारे? बरं. मग आता उठू नकोस. कोणीतरी चहा सांगा अजून एकेक, कारण मी सुरू झाले की मला थांबता येत नाही, तुम्हाला माहितीये. आणि हे मला आज सांगायचंच आहे.

ही नवीन आहे आपल्यात, हिच्यासाठी आधी सांगते. आपल्याकडे कुठे नवी इमारत व्हायची असली ना, की आधी प्लॉटच्या चार कोपऱ्यांना उंच बांबू उभे करतात. एकाला एक बांधून, चांगले इमारतीएवढे. आणि त्यांना लाल फडकी बांधतात. म्हणजे काय, तर शेजाऱ्यांनी बघून घ्यावं की बाबा, एवढी उंच होणार आहे. महिनाभर राहतात ते तसेच. मग शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होते, आणि ज्याला जे बोलायचं ते तो बोलतो. नियम चांगला आहे, मी नियमाला नावं ठेवत नाही.

तर तसे बांबू आमच्यासमोरही लागले होते, गेल्या वर्षी. ती बंद पडलेली लाँड्री होती ना, तिथे. आणि ते लावले कोणी होते? आमच्या भावोजींनी. ताईच्या नवऱ्याने. त्यांचं कामच ते, परांच्या बांधायच्या, उंचावर चढायचं. खाली बोलतात एक शब्द आणि वर चढले की शिट्टी वाजवतात, असा माणूस.

आता आमचं घर कसं होतं ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गंमत म्हणजे, गंमत नाही. दोन खोल्या. आतल्या खोलीत आई, बाबा. बाहेरच्या खोलीच्या मधोमध एक मोठं लाकडी कपाट आडवं टाकलेलं. कपाटाच्या मागे ताई आणि भावोजी, कपाटाच्या पुढे मी. बाजूला जी फट राहायची तिला पडदा. लग्न झालं तेव्हा ठरलं होतं, चार-सहा महिने फक्त. खोली मिळाली की जातील. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात ना, भावोजी म्हणायचे, "आमचं दुसरं झालं, पहिलं राहिलं."

आणि आमच्या घराचा एक कायदा होता. आईने केलेला. पडदा ओढलेला असला की कपाटामागचं माणूस घरात नाही असं समजायचं. हाक मारायची नाही. आवाज ऐकू आला तरी आला नाही. ताई आत शिंकली तर इकडून कोणी काही म्हणायचं नाही. एकदा भावोजींच्या हातून आत पाण्याचा तांब्या पडला, पाणी वाहत वाहत पडद्याखालून माझ्या गादीपर्यंत आलं, आणि मी आपली गादी उचलून भिंतीला टेकवली आणि पुस्तक वाचत बसले. कारण घरात कोणी नव्हतंच ना! आम्ही खूप हसायचो त्यावर. पण हे असं नसतं केलं तर दोन दिवसात एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या, हेही खरं.

बाबा माहितीयेत तुम्हाला. पाट्या कोरतात. दारावरच्या पितळी पाट्या, नावाच्या. त्यांचं टेबल बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी, आणि खिडकी बरोबर त्या लाँड्रीसमोर. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. दिव्याखाली त्यांना जमत नाही, पितळ चमकतं आणि अक्षर दिसेनासं होतं म्हणतात, आणि डोळेही आता तसे राहिले नाहीत. सकाळी दोन-तीन तास तो उजेड, तेवढंच त्यांचं काम. बाकी दिवस मग ते नुसते खोलीभर फिरतात आणि आईच्या शिव्या खातात.

ताई-भावोजींसाठीही एक पाटी कोरलेली आहे त्यांनी. लग्नातच दिली. दोघांची नावं आणि खाली छोटी वेल. ती कागदात गुंडाळून कपाटावर पडलेली होती. लावणार कुठे? कपाटाला?

बरं, खोल्या शोधल्या नाहीत असं नाही हं. मी गेलेय ताईबरोबर. एकदा एका जिन्यात पोचलो तर वरपासून खालपर्यंत माणसं. मला वाटलं कोणी गेलंबिलं की काय. तर नाही, सगळे ती एक खोली बघायला आलेले! ताईला तेव्हा पाचवा महिना होता. ती पोटासमोर पिशवी धरून उभी, भाजी घेऊन आल्यासारखी. आमचा नंबर आला तर मालक खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "पिशवी खाली ठेवा."

ताई म्हणाली, "असू दे, जड नाही."

"तेच तर बघायचंय," तो म्हणाला. "लहान मूल नको आम्हाला. रडतं."

ताई म्हणाली, "अहो, मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तुमच्याच गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हातावर रडलीयेत."

"मग चांगलंच आहे की," तो म्हणाला, "तिकडेच रडू देत. पुढचे या."

पुढचे या! आणि तो माणूस वाईट नव्हता रे. मी नंतर खूप विचार केला त्याच्यावर. मागे जिनाभर रांग असली ना की कोणीही तसा होतो. हेच जर गावात दहा खोल्या रिकाम्या असत्या, तर त्यानेच आम्हाला बसा म्हटलं असतं, पंखा लावला असता, बाळासाठी पाळणा कुठे टांगता येईल ते दाखवलं असतं. खरं सांगते. माणसं तीच, खोल्या कमी.

म्हणून त्या लाँड्रीच्या जागेवर पाच मजले होणार कळलं ना, तेव्हा आमच्याकडे काय आनंद! त्यातले खालचे दोन मजले हॉस्पिटलातल्या, शाळेतल्या लोकांना बेताच्या भाड्याने द्यायचे होते. ताईचं नाव तिच्या हॉस्पिटलातल्या मेट्रननी आधीच सुचवलेलं. म्हणजे इमारत झाली तर ताईला घर, इतकं सरळ. नाही झाली तर? तर भावोजींच्या भावाचं गाव. सगळा दिवस प्रवास. तिथे मुलांचं हॉस्पिटलच नाही, ताईने काय करायचं तिथे? पण जागा आहे. ताई म्हणायची, "समोरासमोर राहू गं धाकटे. तू खिडकीतून हाक मार, मी ऐकूच येत नाही असं करीन. सवय आहे."

आणि भावोजींनी स्वतः बांबू उभे केले. आम्ही सगळे खिडकीत. ते वरून शिट्टी वाजवतायत, आई खालून ओरडतेय, "अहो, आधी उतरा, बाप होणार आहात!" बाबाही हसत होते. मला आठवतंय, हसत होते.

मग दुसऱ्या दिवशीपासून बाबा गप्प.

मी बघायचे ना, माझी गादी तिथेच. बाबा सकाळी टेबलाशी बसायचे आणि बांबूची सावली यायची टेबलावर. बारीक, बोटाएवढी. ती पितळेवरून सरकायची. बाबा हातातलं काम ठेवून त्या सावलीत हात धरून बसायचे. तळवा उघडायचे, मिटायचे. एकदा तर ते खुर्चीतून वळले, कपाटाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जावईबापू..." आणि तिथेच थांबले. पडदा ओढलेला होता. भावोजी आत बूट चढवत होते, मला ऐकू येत होतं, बाबांनाही येत असणार. पण कायदा म्हणजे कायदा. बाबा परत वळले आणि कोरणी पुसत बसले, स्वच्छ असलेलीच.

मला वाटलं काही किरकोळ असेल. कोणालाही तसंच वाटलं असतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या पहिली-दुसरीच्या! हे एवढे एवढे मोठे लोक गुडघे हनुवटीला लावून बसलेले, आणि एकेक जण उठताना खुर्ची घेऊनच उठतोय. मला हसू आवरेना. ताई मला चिमटे काढतेय. आणि एकेकाचं सुरू झालं. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, पाठ करून आल्यासारखं. "मी घरांच्या विरोधात नाही." मग "पण."

बेकरीवाले काका म्हणाले, घरं हवीतच, माझ्याच पोऱ्यांना राहायला जागा नाही, पण गाड्या कुठे लावणार? कुत्रेवाल्या मावशी म्हणाल्या, तरुण मंडळींना घरं मिळायलाच हवीत, पण आमच्या गल्लीला एक शांतता आहे. निवृत्त हेडमास्तर उठले, खुर्चीसकट, आणि म्हणाले, "शहर वाढलंच पाहिजे." टाळ्या. "पण जरा पलीकडे." आणखी टाळ्या. पलीकडे! पलीकडे कुठे रे? पलीकडे पण माणसं राहतात, त्यांचाही हॉल आहे, तेही हेच म्हणतात. सगळ्या गावाचं पलीकडे कुठेतरी नदीच्याही पुढे असणार.

मग ताई उठली. अंगात हॉस्पिटलचाच युनिफॉर्म, तशीच आलेली ड्यूटीवरून. ती काही फार बोलली नाही. म्हणाली, "आमच्या वॉर्डातल्या कितीतरी जणी गाव सोडून गेल्या. काम सोडून नाही गेल्या, जागा नाही म्हणून गेल्या. तुमची मुलं रात्री आजारी पडली तर तुम्हाला जवळ कोणीतरी हवं असतं ना? मग आम्हाला जवळ राहू द्या." बस. खाली बसली. आणि हॉल जरासा हलला बरं का. कुत्रेवाल्या मावशींनी खाली बघितलं. त्यांच्या नातवाला ताईनेच सांभाळलं होतं डेंग्यूत. सुनावणीच्या अध्यक्षबाई लिहायच्या थांबल्या. मला वाटलं, झालं. जमलं. मी ताईचा हात दाबला.

आणि मागून आवाज आला, "मला थोडं बोलायचं होतं."

बाबा.

आम्हाला माहीतच नव्हतं ते आलेत. मागे भिंतीशी उभे होते, त्या खुर्च्यांवर त्यांना बसता येत नाही. म्हणाले, "मी समोरच राहतो. पाट्या कोरतो. माझं काम उजेडावर आहे. आता सावली टेबलावर येते. मी इमारत नको म्हणत नाही. एक मजला कमी करा. फक्त एक मजला. तेवढ्याने भागेल माझं."

आणि हात जोडून बसायला गेले, आणि खुर्चीच नव्हती, तर तसेच उभे राहिले.

पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही. हेडमास्तर लगेच म्हणाले, बघा, नर्सबाईंचे वडीलच म्हणतायत! आणि एकदम सगळ्यांना धीर आला. बाबांसाठी एक मजला कमी, तर गाड्यांसाठी एक का नाही? शांततेसाठी अर्धा! जो तो आपापला तुकडा मागायला लागला. प्रत्येकाला थोडंसंच हवं होतं हं, कोणी काही जास्त मागत नव्हतं. अध्यक्षबाईंनी शेवटी सांगितलं, लहान आराखडा करून परत या. आणि इमारत बांधणारा तिथेच कागद गोळा करत म्हणाला, लहान करून मला परवडत नाही. तो काही देवमाणूस नव्हता, पण ते तरी तो खरं बोलला. परत आलाच नाही तो. आता तिथे काय आहे माहितीये ना? गाड्या उभ्या असतात. बेकरीवाले काका खूश असतील.

घरी आलो तर ताई सरळ कपाटामागे. पडदा ओढला. भावोजी बाहेर जिन्यातच बसले. आणि आई सुरू झाली, आधी हळू आवाजात. "अहो, लेकीच्या घरावर नांगर फिरवून आलात. एवढी दारं होणार होती समोर. प्रत्येक दाराला पाटी लागते. तुम्हाला जन्माचं काम होतं त्यात, ते तरी दिसायला हवं होतं!"

बाबा म्हणाले, "मी एकच मजला म्हणालो गं. फक्त एक."

आई म्हणाली, "मग त्या मजल्यावर कोण राहणार होतं?"

बाबा चहाचा कप घेऊन कपाटापाशी गेले. आतून ताईच्या रडण्याचा आवाज येत होता, तोंडात पदर कोंबल्यावर येतो ना तसा. बाबा तिथे उभे, कप हातात. ना हाक मारता येतेय, ना जाता येतेय. कारण आत कोणी नाही. चहावर साय धरेपर्यंत उभे होते, मग तो कप त्यांनी माझ्याजवळ ठेवला आणि आत गेले.

आणि खरं सांगू, कोणी भांडलंच नाही त्यानंतर. भांडायलाही जागा लागते रे. तेवढ्या दोन खोल्यांत भांडून तोंड फिरवून जायचं कुठे? ताई बाबांना रोज विचारायची, डोळ्यांत औषध घातलंत का. बाबा रोज सांगायचे, घातलं. तिने नोकरीचा राजीनामा दिला तो दिवसही असाच गेला. मेट्रन रडल्या म्हणे. ताईने घरी येऊन भात लावला.

लंबू, तू मान हलवू नकोस, अजून संपलं नाही. मुख्य तर पुढेच आहे.

ज्या दिवशी ताई-भावोजी गावाला निघणार, त्याच सकाळी भावोजींना बांबू उतरवायचे होते. त्यांनीच लावलेले, त्यांनाच परत करायचे होते. खाली टेम्पोत सामान चढत होतं, सामान म्हणजे काय, दोन ट्रंका आणि बाळाचा पाळणा, अजून न वापरलेला. आणि बाबा खाली गेले. मी पाठोपाठ, पाटी घेऊन, ती कपाटावरच राहिली होती. भावोजींनी शेवटचा बांबू आडवा केला, आणि बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. लाल फडकं होतं ना, ते टोकाला नव्हतंच. टोकाच्या बरंच खाली होतं. पुरुषभर, नाही, त्याहून जास्त.

बाबांनी विचारलं, "हे वरचं काय?"

भावोजी म्हणाले, "काही नाही, बाबा. उरलेला बांबू. भाड्याचे असतात ना, कापता येत नाहीत. इमारत फडक्यापर्यंतच होती."

"आणि टोक?"

"टोकाचं काय? ते हवेत."

बाबांनी मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. मग बांबूकडे. हाताने फडक्यापासून टोकापर्यंत चाचपलं. त्यांच्या टेबलावर यायची ती सावली टोकाची होती रे! फडक्याची सावली खाली, खिडकीच्याही खाली, भिंतीवरच पडायची. ते कामाला बसेपर्यंत इमारतीची सावली उतरून गेलेली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो माणूस रोज कपाटाच्या पलीकडे झोपत होता. ज्याने फडकं बांधलं तोच! विचारायचं होतं फक्त. तीन पावलांवर.

भावोजींना कळलं. मला दिसलं त्यांच्या तोंडावर, कळलं ते. पण ते म्हणाले काय, "बाबा, जरा त्या बाजूने धरता का, लांब आहे." आणि दोघांनी मिळून बांबू उचलला.

ताईला मी पाटी दिली. तिने कागद उघडला, बोटाने वेलीवरची धूळ पुसली, परत गुंडाळला. म्हणाली, "तिकडेही मधली खोलीच आहे गं. दार नाही. तू ठेव." मग बाबांच्या पाया पडली आणि टेम्पोत बसली. बाळ तिकडेच झालं. आम्ही फोटो बघितले.

आता तू म्हणशील, लंबू, की हा आमच्या बाबांचा घोटाळा, माझ्या आईचा काय संबंध. तर आधी जाऊन फडकं बघ. टोक नको बघूस, फडकं बघ. आणि समजा, खरंच जाणार असला तुमचा उजेड, तरीही. मी हजार वेळा विचार केलाय यावर. आमचा खरंच गेला असता तर काय झालं असतं? बाबांचं टेबल हलवलं असतं. गच्चीवर नेलं असतं, ताईच्या समोरच्या घरात नेलं असतं, तिला मागे, उन्हाच्या बाजूलाही खिडकी असणार होती! टेबलाला चाकंसुद्धा लावता येतात. ताईला नाही परत आणता येत. तुमच्यासमोर जी माणसं राहायला येणार आहेत ना, ती आत्ता कुठल्यातरी कपाटामागे आहेत. म्हणून हॉलमध्ये दिसत नाहीत. तुझ्या आईला म्हणावं, त्यांना मोज.

आणि ही शेवटची गोष्ट, मग जा.

टेम्पो गेला, आम्ही वर आलो. आई भांडी घासायला लागली, मोठ्याने. बाबा खिडकीशी गेले नाहीत. ते कपाटामागे गेले. तिथे आता काहीच नव्हतं, भिंतीला ताई-भावोजींच्या गादीचा डाग होता फक्त. बाबा आत जाऊन बसले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. नवीन घर मिळालं होतं त्यांना, कुठेतरी लांब, पण मिळालं होतं, आणि पाटी करून हवी होती. तोंडभर हसत होत्या. "पाटीवाले काका आहेत का?"

आईने हात पुसले. कपाटाकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आत बाबांचा श्वास ऐकू येत होता, त्या बाईंनाही येत असेल.

आई म्हणाली, "घरात नाहीत ते."

"अगं बाई. मग परत येईन," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता खिडकीशी थांबल्या. टेबलावर ऊन आलेलं होतं, सगळं टेबल भरून, अर्धवट कोरलेल्या पितळेवर, कोरण्यांवर, रिकाम्या खुर्चीवर. सावली कुठेच नव्हती.

"किती छान उजेड येतो हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "हो. येतो."